मेंदूतील गाठीपर्यंत औषध पोहोचविण्याचा प्रश्न : श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या संशोधनाचा परिचय

आपल्या न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, ताळेबंद आणि विभागवार कामकाज यांच्या जोडीने एखाद्या वैद्यकीय विषयाचा परिचय करून देणारा लेख समाविष्ट करण्याचा प्रघात आहे. यंदा मेंदूतील गाठींवरील संशोधन हा विषय घेण्यास दोन निमित्ते घडली. मेंदूच्या कर्करोगावर ध्वनिलहरींनी उपचार निघाल्याची वृत्तपत्रांतील कात्रणे आणि भ्रमणध्वनीवर फिरणारे संदेश घेऊन रुग्णांचे नातेवाईक आमच्या चौकशी कक्षात येतात. तसेच देणगीदारांपैकी काहींनी असे यंत्र आपल्या रुग्णालयात आणावयाचे झाल्यास किती निधी उभारावा लागेल, अशी आस्थेने पृच्छा केली आहे. दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले आहेत आणि दोन्हींचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नाही. घाईने दिलेल्या उत्तरावर विसंबून एखादे कुटुंब जमीन विकावयास निघते, हे रुग्णालयाच्या कार्यालयात बसणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून हा विस्तार. आम्ही वैद्य नव्हे. व्यवस्था आणि हिशेब पाहणारे आहोत. त्यामुळे विषय सामान्य वाचकाच्या पायरीवर उभे राहूनच मांडला आहे.

औषध आहे, पण पोहोचत नाही

मेंदूच्या गाठी अनेक प्रकारच्या असतात. मेनिंजिओमासारख्या, मेंदूच्या आवरणातून उगवणाऱ्या गाठी बहुधा साध्या असतात आणि शस्त्रक्रियेने पूर्णपणे निघाल्यास रुग्ण पुढे वर्षानुवर्षे आपला संसार व व्यवसाय सांभाळतो. काही गाठी फुफ्फुस किंवा स्तन यांच्या कर्करोगातून मेंदूत पसरलेल्या असतात. प्रौढ व्यक्तींच्या मेंदूतच उगम पावणाऱ्या घातक गाठींत सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. प्रस्तुत लेखातील बहुतेक संशोधन या गाठीसंबंधी आहे.

ज्यांच्या घरी हा आजार आहे, अशा वाचकांनी पुढील आकडे धीराने वाचावेत. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील डॉ. रॉजर स्टुप यांच्या नेतृत्वाखाली युरोप व कॅनडातील ५७३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर केवळ किरणोपचार घेतलेल्या रुग्णांच्या आयुर्मर्यादेचा मध्यक १२.१ महिने होता; किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड हे औषध घेतलेल्यांचा १४.६ महिने. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण मात्र १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. येथे 'मध्यक' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे अगत्याचे आहे. सर्व रुग्णांना आयुर्मर्यादेच्या क्रमाने उभे केले, तर बरोबर मध्यभागी येणाऱ्याचा काळ म्हणजे मध्यक. निम्मे रुग्ण त्याहून कमी काळ जगतात, निम्मे अधिक, आणि त्या अधिकांत काही जण अनेक वर्षे जगलेले असतात. कुटुंबीय हा आकडा 'डॉक्टरांनी दिलेली मुदत' असा समजून घरी जातात. ती मुदत नव्हे.

२००५ नंतर या उपचारक्रमात मोठी भर अशी थोडीच पडली. डोक्यावर पट्ट्या चिकटवून विद्युत्क्षेत्र निर्माण करणाऱ्या साधनाने मध्यक १६ महिन्यांवरून २०.९ महिन्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते साधन खर्चिक आहे आणि दिवसाचे बहुतेक तास डोक्यावर वागवावे लागते. शरीराच्या इतर भागांतील कर्करोगांवर या काळात कितीतरी नवी औषधे आली. त्यांपैकी अनेक औषधे प्रयोगशाळेत काचेच्या बशीतील ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी सहज मारतात. मग ती रुग्णाला का देत नाहीत, हा नातेवाइकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर औषधाच्या गुणात नाही, मेंदूच्या रचनेत आहे.

जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये टोचून पाहिली. सारे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूला रंग धरतच नसावा, असा त्यांनी तर्क केला. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये नेमका उलट प्रयोग केला आणि मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडला. तेव्हा मेंदू रंगला आणि उर्वरित शरीर कोरे राहिले. याचा अर्थ मेंदूला रंग धरतो, परंतु रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आडवे उभे आहे. हे 'काहीतरी' प्रत्यक्ष दिसले ते १९६७ मध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

शरीरातील अन्य केशवाहिन्यांच्या भिंतींत पेशी-पेशींमध्ये सूक्ष्म फटी असतात. त्यांतून रक्तातील पदार्थ आसपासच्या ऊतींत झिरपतात. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात. शिवाय या पेशींत पंपासारखे काम करणारी प्रथिने असतात. ती आत शिरू पाहणारा परका पदार्थ पकडून पुन्हा रक्तात सोडून देतात. या व्यवस्थेला 'ब्लड-ब्रेन बॅरियर', म्हणजे रक्त-मेंदू अडथळा, असे म्हणतात. प्राणवायू आत जातो, ग्लुकोजसाठी स्वतंत्र वाहक असतो. परंतु औषधांपैकी साधारणतः ५०० डाल्टनहून कमी वजनाचे आणि स्निग्ध पदार्थात विरघळणारे रेणूच पलीकडे जाऊ शकतात, आणि तेही सगळे नाहीत. टेमोझोलोमाइडचे वजन १९४ डाल्टन आहे, म्हणून ते जाते. तरीही मेंदूभोवतीच्या द्रवातील त्याचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या सुमारे एक-पंचमांशच भरते. स्तनाच्या कर्करोगावर अत्यंत गुणकारी ठरलेल्या ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाचे वजन सुमारे दीड लाख डाल्टन आहे. ते दारातच अडते.

हा अडथळा म्हणजे शरीराचा दोष नव्हे. रक्तात रोज काय काय येते आणि जाते, याची झळ मेंदूला लागू नये यासाठीच ही योजना आहे. जंतू आणि विषारी द्रव्ये यांच्यापासून मेंदूचे जन्मभर रक्षण करणारा हा पहारा कर्करोगाच्या प्रसंगी गाठीचेही रक्षण करतो, इतकेच.

आता एक मुद्दा, जो समजला की पुढचे सारे संशोधन समजते. एम.आर.आय. करताना शिरेतून 'कॉन्ट्रास्ट' नावाचे द्रव्य देतात, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. हे द्रव्यही निरोगी मेंदूत शिरत नाही. चित्रात गाठ पांढरी, उजळ दिसते याचे कारण असे, की गाठीच्या मध्यभागातील रक्तवाहिन्या ओबडधोबड आणि गळक्या असतात. तेथे पहारा आधीच मोडलेला असतो. शल्यचिकित्सक हाच उजळ भाग काढतात. परंतु ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी उजळ सीमेच्या पुष्कळ पलीकडे, निरोगी दिसणाऱ्या मेंदूत मुळांसारख्या पसरलेल्या असतात आणि तेथील पहारा बव्हंशी शाबूत असतो. सगळा संशयित भाग कापून काढावा, तर रुग्णाची वाचा, हातपाय किंवा स्मृती जाईल. म्हणजे जेथे औषध सहज पोहोचू शकले असते तो भाग शस्त्रक्रियेने जातो आणि जेथे औषध पोहोचत नाही तेथेच उरलेल्या पेशी दडून राहतात. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात 'उजळणारा भाग शिल्लक नाही' असे लिहिलेले असताना सात-आठ महिन्यांत गाठ परत कशी आली, डॉक्टरांनी काही मागे सोडले काय, असा संशय नातेवाइकांच्या मनात येतो. बहुतेक रुग्णांत ती पहिल्या जागेच्या सभोवती, दोन सेंटिमीटरच्या आतच उद्भवते, आणि त्यामागचे कारण वर सांगितलेले आहे. अहवाल खोटा नव्हता. तो उजळ भागापुरता खरा होता.

या पहाऱ्यातून वाट काढण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले. मानेतील रोहिणीतून मॅनिटॉलचा तीव्र द्राव सोडून केशवाहिन्यांच्या पेशी आकुंचित करण्याची पद्धत अमेरिकेत ऑरेगन येथील डॉ. एडवर्ड न्यूवेल्ट यांनी अनेक वर्षे राबविली. तीत मेंदूचा फार मोठा भाग एकाच वेळी खुला होतो आणि प्रत्येक खेपेस भूल द्यावी लागते. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीच्या जागी औषधाच्या चकत्या ठेवून येण्याच्या पद्धतीला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पण चकतीतील औषध काही मिलिमीटरच पुढे सरकते. हव्या त्या ठिकाणी, हवी तेवढीच, हव्या त्या वेळेपुरती वाट उघडणे यांपैकी कोणत्याही पद्धतीने साधले नाही.

बुडबुडे आणि ध्वनी

मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्याच्या पुढचा ध्वनी तो श्राव्यातीत. सोनोग्राफीत तोच वापरतात. ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटता येतात, जशी भिंगाने सूर्यकिरणे एकवटतात. अशा एकवटलेल्या ध्वनीने मेंदूचा पहारा ढिला होतो, हे संशोधकांच्या पूर्वीच लक्षात आले होते. परंतु त्यासाठी लागणाऱ्या शक्तीने मेंदूच्या ऊतींनाच इजा होत असे.

ही अडचण सुटली ती एका वेगळ्याच विभागातील वस्तूमुळे. हृदयाची टू-डी इको तपासणी करताना चित्र स्पष्ट यावे म्हणून काही वेळा शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडतात. आत निरुपद्रवी वायू, बाहेर मेदाचे किंवा प्रथिनाचे पातळ कवच, आणि आकार तांबड्या रक्तपेशीएवढा किंवा त्याहूनही लहान. बोस्टन येथील ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. कुलर्वो हायनिनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बुडबुडे सशांच्या रक्तात सोडून मग मेंदूतील ठरावीक बिंदूवर श्राव्यातीत ध्वनी एकवटला. त्यांचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्वनीच्या दाबाबरोबर बुडबुडा फुगतो आणि आक्रसतो. केशवाहिनीच्या आत, भिंतीला लागून हे सेकंदाला लाखो वेळा घडले, की पेशींमधील घट्ट शिवण तात्पुरती सैल होते. शक्ती पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी कमी लागते. काही तासांत शिवण पुन्हा घट्ट होते.

ध्वनीची शक्ती प्रमाणाबाहेर गेली, तर बुडबुडे फुटतात आणि केशवाहिन्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून यंत्रातील ग्राहक बुडबुड्यांचा प्रतिध्वनी सतत ऐकत असतात आणि त्यावरून शक्ती कमीअधिक केली जाते. वाट उघडली की नाही, हे पाहण्यासाठी पुन्हा तेच कॉन्ट्रास्ट द्रव्य उपयोगी पडते. एरवी कोरा दिसणारा भाग एम.आर.आय.मध्ये उजळला, म्हणजे तेथील पहारा तात्पुरता उठला आहे.

दुसरी अडचण कवटीची. हाड ध्वनी शोषते, वाकविते आणि विखुरते. शिवाय प्रत्येकाच्या कवटीची जाडी निराळी. यावर दोन उपाय निघाले आहेत. इस्रायलमधील इनसाइटेक या कंपनीच्या यंत्रात शिरस्त्राणासारख्या घुमटात १०२४ ध्वनिक्षेपक असतात. रुग्णाच्या सी.टी. स्कॅनवरून कवटीची जाडी मोजून प्रत्येक क्षेपकाची वेळ अशी साधली जाते, की सर्व लहरी एकाच बिंदूवर एकत्र याव्यात. रुग्णाचे केस काढावे लागतात, डोके चौकटीत स्थिर करतात, कवटी तापू नये म्हणून सभोवती थंड पाणी खेळवितात, आणि हे सारे एम.आर.आय.च्या नळीत चालते. दुसरा उपाय पॅरिस येथील पिते-साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉ. अलेक्सांद्र कारपांतिये यांच्या पुढाकाराने विकसित झाला. गाठ काढण्यासाठी कवटी उघडावी लागतेच. मग हाडाच्या जागी एक लहान ध्वनिक्षेपक कायमचा बसवून द्यावा, म्हणजे हाडाचा अडसरच उरणार नाही. औषध देण्याच्या दिवशी त्वचेतून सुई टोचून तो यंत्राला जोडतात आणि ध्वनी देण्याचे काम काही मिनिटांत आटोपते.

वृत्तपत्रांतील बातम्यांत एक घोटाळा नेहमी आढळतो, तो येथेच निस्तरतो. शिरस्त्राणाच्या यंत्राचा दुसराही एक उपयोग आहे. शक्ती वाढवून मेंदूतील एक सूक्ष्म बिंदू उष्णतेने निकामी करणे, आणि हातांचा असह्य कंप थांबविणे. या उपयोगाला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. 'ध्वनिलहरींनी मेंदूचा आजार बरा' अशा मथळ्याखाली पुष्कळदा ही कंपवाताची बातमी असते. कर्करोगाच्या संशोधनात ध्वनी गाठ जाळत नाही. तो औषधाला वाट करून देतो.

टोरांटो, पॅरिस आणि शिकागो

डॉ. हायनिनेन पुढे कॅनडात टोरांटोच्या सनीब्रुक केंद्रात गेले. तेथे नोव्हेंबर २०१५ मध्ये डॉ. टॉड मेनप्राइझ यांच्या चमूने कवटी न उघडता, मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाच्या मेंदूतील पहारा ध्वनीने खुला केला आणि केमोथेरपीचे औषध पोहोचविले. पहिल्या पाच रुग्णांचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच, २०१४ पासून, पॅरिसमध्ये कवटीत बसविलेल्या साधनाने रुग्णांवर उपचार सुरू झाले होते. त्या कामाचा पहिला अहवाल २०१६ चा. दोन्ही ठिकाणी पहिला उद्देश एवढाच होता, की हे सुरक्षित आहे काय, हे पाहणे. उत्तर सर्वसाधारणपणे होकारार्थी आले.

सनीब्रुकमध्येच २०२१ साली स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरलेल्या चार रुग्णांवर एक देखणा प्रयोग झाला. वर उल्लेखिलेल्या ट्रास्टुझुमॅब या अवजड रेणूला किरणोत्सर्गी खूण बांधून तो रक्तात सोडला आणि ध्वनीनंतर मेंदूतील गाठीत तो किती पोहोचला, हे बाहेरून मोजले. सरासरीने प्रमाण दुप्पट झाले होते.

परंतु आम्हाला सर्वाधिक मोलाचा वाटला तो शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा, २०२३ मध्ये 'द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास. पूर्वी उल्लेख केलेले डॉ. स्टुप आता तेथेच आहेत. चमूचे प्रमुख डॉ. अ‍ॅडम सोनाबेंद. गाठ परतलेल्या १७ रुग्णांच्या कवटीत नऊ क्षेपकांचे साधन बसविले. औषध निवडले ते पॅक्लिटॅक्सेल, जे स्वतःहून मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. काही रुग्णांत शस्त्रक्रिया चालू असतानाच ध्वनी दिला, औषध सोडले, आणि जो भाग पुढे काढावयाचाच होता त्यातून दोन प्रकारचे नमुने घेतले : वाट उघडलेल्या जागेचे आणि न उघडलेल्या जागेचे. पॅक्लिटॅक्सेलचे प्रमाण पहिल्यात ३.७ पट आढळले. कार्बोप्लाटिन या दुसऱ्या औषधाचे ५.९ पट. लेखापरीक्षक वहीतील साठ्यावर विसंबत नाहीत, गोदामात जाऊन पोती मोजतात; हा त्यातला प्रकार आहे. मेंदूतील ऊती हातात घेऊन मोजलेले औषध हा पुरावा चित्रावरून केलेल्या अनुमानापेक्षा भक्कम होय.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. उघडलेली वाट बव्हंशी पहिल्या तासाभरातच मिटते. म्हणजे औषध कधी द्यावयाचे याचे वेळापत्रक अतिशय काटेकोर हवे. काही रुग्णांना डोकेदुखी झाली, काहींना औषधामुळे काही काळ संभ्रम झाला. मेंदूत अधिक औषध पोहोचविणे म्हणजे औषधाचे दुष्परिणामही मेंदूपर्यंत नेणे, हे विसरून चालणार नाही.

जाता जाता एक नोंद. वाट उघडली, की ती दोन्ही दिशांनी उघडते. गाठीतील डी.एन.ए.चे अंश एरवी रक्तात फारसे सापडत नाहीत. ध्वनीनंतर ते अधिक सापडतात, असे टोरांटो आणि अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधनात दिसले आहे. मेंदूला सुई न लावता केवळ रक्तावरून गाठीची जात ओळखण्याची शक्यता यात आहे. आम्हाला व्यक्तिशः हा उपयोग औषधाइतकाच आश्वासक वाटतो, कारण मेंदूच्या बायॉप्सीच्या नावानेच कित्येक कुटुंबे खचतात.

आज जमेस काय धरावे

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे विचार त्याच वळणाने जातो. वाट सुरक्षितपणे उघडते, ही रक्कम जमा झाली आहे. औषध अधिक प्रमाणात पोहोचते, हीही जमा झाली. पण त्यामुळे रुग्ण अधिक जगतो काय, ही रक्कम अद्याप 'येणे' या सदरात आहे, आणि येणे रोकडीत दाखविता येत नाही.

२०२५ च्या अखेरीस बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठातील डॉ. ग्रॅम वुडवर्थ व सहकाऱ्यांनी नव्याने निदान झालेल्या ३४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टेमोझोलोमाइडच्या मासिक फेऱ्यांच्या वेळी शिरस्त्राणाच्या यंत्राने वाट उघडली गेली. या रुग्णांच्या आयुर्मर्यादेचा मध्यक ३० महिन्यांहून अधिक भरला; तुलनेसाठी निवडलेल्या, नेहमीचे उपचार घेतलेल्या रुग्णांचा सुमारे १९ महिने. आकडा आशादायक आहे आणि ज्या बातमीची कात्रणे आमच्याकडे येतात ती बहुधा याचीच. मात्र ही तुलना चिठ्ठ्या टाकून केलेल्या दोन गटांची नव्हे. दरमहा यंत्रात तासन्‌तास झोपू शकणारा, प्रवास झेपणारा रुग्ण मुळातच प्रकृतीने बरा असतो. तो कोणत्याही उपचाराने काहीसा अधिक जगतो. संशोधकांनी तुलनेचे रुग्ण वय, प्रकृती व गाठीचा प्रकार जुळवून निवडले असले, तरी अशी जुळणी पूर्ण होत नाही.

हा संशय फेडण्याचा मार्ग एकच : रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करणे. गाठ परतलेल्या रुग्णांत कवटीतील साधन व कार्बोप्लाटिन यांची नेहमीच्या औषधांशी अशी तुलना करणारी तिसऱ्या टप्प्याची चाचणी युरोप व अमेरिकेत सुरू झाली असून तिच्यात २०२४ पासून रुग्ण घेतले गेले. अशा चाचणीला वर्षे लागतात, आणि आजारी माणसाच्या घरात वर्षांचा हिशेब करणे किती कठीण असते, याची आम्हाला जाणीव आहे.

देणगीदारांच्या पृच्छेचे उत्तर त्यामुळे असे आहे. हे यंत्र आज आपल्या रुग्णालयात आणणे योग्य होणार नाही. कर्करोगासाठी त्याचा वापर अद्याप संशोधनाच्या कक्षेत आहे. त्यासाठी मज्जाशल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि स्वतंत्र वेळ देऊ शकणारे एम.आर.आय. यंत्र यांची मोट एकाच छताखाली बांधावी लागते. निर्धन रुग्ण निधीतील रक्कम तर अशा कामाकडे वळविता येणारच नाही आणि वळवूही नये. मेंदूत गाठ असलेल्या गरीब रुग्णाचे आज नुकसान होते ते निराळ्याच ठिकाणी. पहिला एम.आर.आय. उशिरा होतो. गाठीच्या नमुन्याची जनुकीय तपासणी पैशाअभावी राहून जाते, ज्यावरून टेमोझोलोमाइडचा उपयोग कितपत होईल याचा अंदाज येतो. किरणोपचाराच्या सहा आठवड्यांत मुंबईत राहण्याची सोय नसल्याने उपचार अर्ध्यावर सुटतात. टेमोझोलोमाइड भारतीय कंपन्याही बनवितात. तरीही फेऱ्या पूर्ण न करणारे रुग्ण आहेतच. ज्या दात्यांना या आजारासाठी काही करावेसे वाटते, त्यांनी आपली देणगी या चार बाबींसाठी राखून ठेवण्यास सांगितल्यास तिचा विनियोग त्याच वर्षात होईल.

नातेवाइकांसाठी थोडे अधिक. विदेशातील किंवा देशातील 'ध्वनी उपचारा'ची जाहिरात कोणी दाखविली, तर पैसे भरण्यापूर्वी तीन कागद मागावेत. चाचणीचा नोंदणी क्रमांक, नीतिमत्ता समितीची मंजुरी, आणि आपल्या भाषेतील लेखी संमतीपत्र. भारतात 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' ही नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तेथे नोंद करणे बंधनकारक आहे. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. ज्या औषधाची चाचणी चालू आहे त्याच औषधाचे पैसे चाचणीत सामील होणाऱ्या रुग्णाकडून कोणी मागू लागला, तर तेथेच थांबून आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

आणि कागदपत्रे जपावीत. उद्या एखाद्या मान्यताप्राप्त चाचणीत प्रवेश मिळण्याचा योग आला, तर तेथील डॉक्टर प्रथम जे मागतात ते असे : शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा मेणातील ठोकळा व काचपट्ट्या, शस्त्रक्रियेपूर्वीच्या व नंतरच्या एम.आर.आय.च्या सीडी (केवळ छापील अहवाल नव्हे), किरणोपचाराच्या मात्रेचा गोषवारा, केमोथेरपीच्या फेऱ्यांच्या तारखा, आणि सध्या चालू असलेल्या स्टेरॉइडची मात्रा. मेणाचा ठोकळा विकृतिशास्त्र विभागात जतन केलेला असतो आणि लेखी अर्ज केल्यावर मिळतो. आपल्या रुग्णालयात उपचार झालेल्या रुग्णांना या सर्व कागदांच्या प्रती अभिलेख कक्षातून दिल्या जातात. रुग्ण स्वतः येऊ शकत नसल्यास त्याचे सहीचे पत्र आणि नातेवाइकाचे ओळखपत्र पुरेसे आहे.